बंद घरं आणि माझा सल्ला

रत्नागिरीत सल्ल्याला कधी तोटा नसतो. तरी मी तो बिल लावून विकतो. स्ट्रॅटेजीची प्रेझेंटेशन्स मी महिनाभरात विसरतो, त्यांच्यापायी झालेले किस्से मात्र साचत जातात. हे सगळे मृणालच्या स्टार्टअपचे.

पुण्यातली नोकरी सोडून तिने पालीजवळच्या गावांत काम सुरू केलं. मुंबईकरांची बंद घरं शेजाऱ्यांनी सांभाळायची आणि अ‍ॅपवर खबर द्यायची. जाहिरातीला पैसे नव्हते. मी म्हटलं, "कम्युनिटीच धंदा वाढवेल." तिने विश्वास ठेवला, बिचारीने! गणपतीपर्यंत लोकांनी हे आपणहून उचललं नाही, तर बंद करून नोकरीवर परत, असं ती घरी कबूल करून आली होती.

*

पहिल्याच मीटिंगला मी म्हणालो, "प्रत्येकाने स्वतःची ओळख करून द्या."

कोणी उठेना. अख्खा गाव ओळखतो, त्यात आणखी काय सांगायचं? शेवटी सुलभाकाकूंनी शेजारच्याकडे बोट दाखवलं. "हा संजय. रिक्षा हाय, पण दहाच्या आत उठत नाय."

मग संजयने काकूंची ओळख करून दिली. मीटिंग छान रंगली. अ‍ॅपचा विषय राहूनच गेला.

*

संजयकडे डोंबिवलीच्या घागांचं घर सांभाळायला होतं. जूनमध्ये त्याने खबर टाकली, "माकडांनी कौलं फोडलीनी. पडवीत पाणी येतंय. काल तुमच्या भावाने फणस नेलान."

मिनिटाच्या आत घागांचा मृणालला फोन. "किती?"

"कौलं ना? विचारून सांगते."

"कौलं राहू द्या हो. फणस किती?"

*

मग मी स्कीम काढली. ओळखीचं घर आणा, एक महिना मोफत. काकूंची ओळख चिक्कार, पण त्यांनी एकही घर आणलं नाही.

"उद्या तुमचं बंद पडलं तर लोक मला विचारतील," त्या म्हणाल्या. "तुमी जाल पुण्याला. मला हितंच राहायचंय."

मी प्रेझेंटेशनमध्ये 'ट्रस्ट' नावाची एक स्लाइड वाढवली.

*

गणपती तोंडावर आले तेव्हा मी शेवटचा सल्ला दिला. "गावकऱ्यांसाठी काढलेल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आपण काही लिहायचंच नाही. कम्युनिटी जिवंत असेल तर आपोआप बोलेल."

ग्रुप चिडीचूप झाला. साधं गुड मॉर्निंगसुद्धा नाही. आठवड्याने मृणालने जुन्या साहेबांना फोन केला आणि बंद करतोय हे सगळ्यांना सांगून टाकायला आम्ही गावात गेलो. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

बघतो तर घागांच्या छपरावर नवी कौलं. पडव्या झाडलेल्या, अंगणातलं गवत काढलेलं. आमच्याकडे नाव नसलेल्या घरांचीसुद्धा दारं उघडून साफसफाई चाललेली. काकू खराटा घेऊन उभ्या.

"काकू, हे कोणी सांगितलं?" मृणालने विचारलं.

"ग्रुपवर ठरलं. अजून धा घरं तुमच्या अ‍ॅपवर यायचीत."

"पण ग्रुपवर तर एक मेसेज नाही!"

"त्या ग्रुपवर नाय गो, आमच्या. तुमच्या ग्रुपवर तुमी दोघं असता, माणसाला मोकळं बोलता येत नाय."

मृणाल पायरीवर बसली आणि रडता रडता हसायला लागली. "काकू, मला पण घ्या ना त्यात."

काकूंनी खराटा भिंतीला टेकवला आणि माझ्याकडे एकदा नीट बघितलं.

"तुला घेऊ गो. पण मग हे पण येतील ना?"