दाराच्या आतल्या बाजूने

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, पण खरं सांगायचं तर हसायला. आयुष्यभर पोर्टात कारकुनी केली. भूत, चाहूल, संकेत... यातलं काही कधी मानलं नाही. आजही मानतो असं नाही. तरी हे लिहितोय, कारण यात एका गेलेल्या माणसाच्या नावाला लागलेला बट्टा आहे. तो मी लावला.

माझं लहानपण माझगावच्या चाळीत गेलं. आमच्या समोरच्या खोलीत राहेलमावशी राहायच्या. बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडचे मराठी बोलणारे ज्यू. त्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस म्हणजे दारफाळणीचा सण. दिवसभर कडकडीत उपास, पांढरे कपडे आणि दार बंद. त्या दिवशी त्यांचं दार वाजवायचं नाही, हे चाळीतल्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं.

मी आठवीत असतानाची गोष्ट. त्या सणाच्या सकाळी मावशींचे यजमान सिनेगॉगला, त्यांच्या प्रार्थनाघरात, गेले होते. मूल तान्हं म्हणून मावशी एकट्या घरात होत्या. मजल्यावर फोन फक्त आमच्याकडे. आई बाजारात गेली होती, फोन मी उचलला. पलीकडे मावशींचा भाऊ, बेनीमामा. परळच्या हॉस्पिटलमधून बोलत होता. "वसंता, राहेलला सांग, आईचं काही खरं नाही. तिचंच नाव घेतेय. असेल तशी ये म्हणावं."

मी दाराशी गेलो. हातही वर केला. पण दारफाळणी... वाजवायचं कसं? हे झालं एक कारण. दुसरं असं की ग्राउंडवर मॅच होती आणि माझी बॅटिंग येणार होती. पहिल्या कारणाच्या आड दुसरं लपवलं आणि मी निघून गेलो.

संध्याकाळी उपास सुटल्यावर मावशींना निरोप दिला. म्हणालो, "आत्ताच फोन आला." त्या धावत गेल्या. त्यांची आई दुपारीच वारली होती.

बेनीमामा आमच्या दारात येऊन ओरडला, "मी सकाळी फोन केला होता! या पोराने घेतला!" माझी आई म्हणाली, "आमचा वसंता खोटं बोलायचा नाही हो." मी मान खाली घालून उभा राहिलो. मावशी भावाला एवढंच म्हणाल्या, "झोप लागली असेल तुला. पोरावर कशाला ढकलतोस?" त्यानंतर त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत. पुढे मावशींचं कुटुंब इस्रायलला गेलं, तेही त्याला न कळवता. बेनीमामा भायखळ्याला एकटाच राहायचा. रस्त्यात दिसला की मी फुटपाथ बदलायचो. तो वारल्याचंही मला उशिरा कळलं.

आता गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. शिवाजी पार्कला माझ्याबरोबर फिरायला येणारा पाटकर, रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर, एक दिवस म्हणाला, "वश्या, तुझ्या माझगावच्या ज्यू लोकांचं काहीतरी लागलंय बघ फोर्टात. इंटरनॅशनल कॉम्पिटिशन आहे म्हणे, आजच्या ज्यू कलेची. निवडलेली कामं इथे आणलीत. एसी आहे, फुकट आहे, चल."

गेलो. देशोदेशींची चित्रं, काचेची कामं, कापडावर अक्षरं... आणि शेवटच्या दालनात एक दार. नुसतं दार. हिरवा रंग, पितळी कडी, मागे छोटी अंधारी खोली आणि एक बाक. पाटीवर हिब्रू, इंग्रजी, आणि खाली चक्क देवनागरीत — दारफाळणी.

"घ्या! दार लावून बक्षीस मिळतं," पाटकर म्हणाला. "आमच्या हिने रोज मिळवलं असतं."

आम्ही दोघं आत बसलो. दार बंद झालं.

जरा वेळाने बाहेर पावलं वाजली. एक पाऊल नीट, एक घासत. मला आधी काहीच वाटलं नाही. हल्ली अशा कामांत आवाज लावलेले असतात. मग ध्यानात आलं, ती तुटक्या अंगठ्याची चप्पल आहे. आठवीच्या त्या वर्षी माझ्या उजव्या चपलेला सेफ्टी पिन होती, मी ती अशीच ओढत चालायचो. पावलं दाराशी थांबली. आणि आत, माझ्या अगदी कानाजवळ, बांगड्या किणकिणल्या. कडीवर हात पडल्याचा आवाज... कडी थोडी सरकली. थांबली. मग चप्पल घासत घासत लांब गेली.

बाहेर आलो तेव्हा माझा शर्ट भिजला होता. कलाकार मुलगी तिथेच उभी होती, नोआ. मी तिला इंग्रजीत म्हणालो, "तो कडीचा आवाज फार खरा वाटला."

तिने मराठीत विचारलं, "कसला आवाज, आजोबा? यात आवाज नाही. शांत बसायचं, एवढंच काम आहे."

पाटकर माझ्याकडे बघत राहिला. "वश्या, आत काही वाजलं नाही रे."

"कडीचं तुम्हाला कोणी सांगितलं?" नोआचा चेहरा बदलला होता. "ते मी कुठेच लिहिलं नाही. आजीची आई गेली, त्या दिवशी कोणीतरी दाराशी आलं होतं. आजी कडीवर हात ठेवून उभी होती. एकदा वाजवलं असतं तरी तिने उघडलं असतं. तिला वाटतं, तिची आई शेवटची भेटायला आली होती."

आजी कोण, हे विचारायची गरज नव्हती. तरी विचारलं. राहेल, माझगाव.

मी दालनातल्या बाकावर बसून तिला सगळं सांगितलं.  ती फोन काढून म्हणाली, "हे मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

स्क्रीनवर मावशी आल्या. केस पार पांढरे, नजर तीच. "कोण, वसंता? किती म्हातारा झालास रे!" मी सांगितलं. फोन सकाळी आला होता. दाराशी मी होतो, तुमची आई नव्हे. बेनीमामा खरं बोलत होता.

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या.

"बेनीला सांगितलंस का रे?" त्यांनी विचारलं.

तो गेल्याचं त्यांना ठाऊक होतं. तरी त्या उत्तराची वाट बघत राहिल्या. शेवटी नोआने फोन बंद केला.

त्या सणाच्या सकाळी मी दाराच्या बाहेर होतो. आतून माझी पावलं कशी ऐकू आली असतील, बांगड्यांचा हात कडीवर कसा पडला असेल, हे मला कळणं शक्यच नव्हतं. पाटकर मनाचे खेळ म्हणतो. म्हणो. मला याचा उलगडा झालेला नाही, होईल असंही वाटत नाही. पण भायखळ्यात बेनीमामाला ओळखणारं कोणी अजून हे सदर वाचत असेल, तर त्यांच्यासाठी लिहून ठेवतो: बेनीमामाने फोन सकाळीच केला होता. तो मी घेतला होता.