टाका शाबूत हाय

पुस्तक परत द्यायला गेलं की तो माणूस तुमच्या तोंडाकडे बघायचा नाही. पुस्तक उलटं करायचा, मागच्या पानांच्या कडेवरून अंगठा फिरवायचा आणि म्हणायचा, "टाका शाबूत हाय. न्या परत."

एवढ्यावरूनच तो माझ्या डोक्यात गेला होता. पुढे कारणं वाढतच गेली.

जळकोटच्या बाजारामागे एका आडत दुकानाच्या माडीवर वाचनालय आहे. तिथला हा सांभाळणारा. पन्नाशीचा, काटक, शर्टाच्या खिशाला पेनाच्या जागी सुईदोरा अडकवलेला. वाचनालयात दोन कपाटं नुसती रहस्यकथांची. खून, दरोडे, हेर, पळापळ. त्या पुस्तकांची शेवटची सोळा पानं हा दोऱ्यानं शिवून टाकायचा. चार टाके, पोत्याला घालतात तसे मोठे आणि वाकडे. का, तर लोक आधी शेवट बघतात. काही नग तर शेवटचं पान फाडून घरी ठेवतात.

मग रीत अशी होती. टाक्यापर्यंत वाचून झालं की पुस्तक घेऊन त्याच्याकडे जायचं. तो विचारणार, "सांगा, खून कुनी केला?" आपण अंदाज सांगायचा. मग तो ब्लेडनं टाके कापणार, आणि आपण त्याच्यासमोर बाकावर बसून ती सोळा पानं वाचायची. तो आपलं तोंड बघत बसणार. अंदाज चुकला की मांडीवर थाप मारून म्हणणार, "हाऽव! गेली गाडी खड्ड्यात!" ते झालं की पुढच्या माणसासाठी पुन्हा चार टाके.

तुम्ही म्हणाल, गमतीचा माणूस दिसतो. तुम्हाला काय जातंय म्हणायला.

माझी बायको त्याची वाचक. ती सातवी शिकलेली, मी चौथी. मी जन्मभर ट्रक चालवला. अर्धापूरला केळी भरायची आणि उत्तरेकडे निघायचं, आठ-दहा दिवसांनी घर. मागं ती एकटी. गोधड्या शिवायची आणि या माणसाच्या कपाटातली पुस्तकं वाचायची. मी घरी आलो की पुस्तक बाजूला ठेवायची. पण ठेवताना एकदा त्याच्याकडे बघायची. चुलीवर दूध ठेवून बाहेर येणारी बाई मागं वळून बघते ना, तसं. ते बघणं मला दिसायचं.

शेवटच्या वर्षी तिचा आजार निघाला. माडीचा जिना चढणं बंद झालं. तरी हा शेजारणीच्या हातून पुस्तकं पाठवून राहिला. मी ओरडायचो, "गोळ्या खा, पुस्तकं काय खातीस?" ती म्हणायची, "तुमी जावा. केळी पिकतील तिकडं." मी गेलो. शेवटच्या वेळेलाही गेलो. फोन आला तेव्हा मी घाटात होतो. घरी पोचलो तर माणसं माझ्यासाठीच खोळंबून बसली होती.

उशाशी पुस्तक होतं. निळं कव्हर, वर पिस्तूल. मध्यावर लग्नपत्रिकेचा तुकडा खुणेला घातलेला. मागचे टाके तसेच.

शेजारीण पदर तोंडाला लावून म्हणाली, "बघा की भाऊ, अर्ध्यातच गेली बाई. खून कुनी केला ते बी कळलं न्हाई तिला."

ती बोलून गेली. मला मात्र भाकरी गोड लागेना. आमचा संसारच तसा. एकदा तिला गाडीत बसवून दिल्ली दाखवायला निघालो होतो. नागपूरला मालकाचा फोन आला, माल उतरवा आणि परत फिरा. फिरलो. ती म्हणाली, "नागपूर तरी बघितलं." जे दाखवलं ते अर्धं, आणि शेवटचं पुस्तक, तेही अर्धं. बसलो की तेच, उठलो की तेच.

दिवसकार्य झाल्यावर ते पुस्तक द्यायला माडी चढलो. घरात नको होतं मला ते.

त्यानं उलटं केलं. अंगठा फिरवला. एका जागी अंगठा थांबला. त्याच जागेवरून पुन्हा फिरवला.

"अक्कांचं पुस्तक," तो म्हणाला. "टाका शाबूत हाय. परत घेता येत न्हाई."

"वाचनारी गेली," मी म्हणालो. "आता मढ्याकडून वाचून घेता का?"

"तुमी वाचा, दाजी."

दाजी! तिला अक्का म्हणत होता म्हणून मी दाजी. विचारलं नाही, पुसलं नाही, मेहुणा होऊन बसला. मी पुस्तक टेबलावर आपटलं आणि जिना उतरलो. संध्याकाळी शेजारीण तेच पुस्तक घेऊन दारात. "सरांनी पाठवलं." दुसऱ्या दिवशी मी पुन्हा नेऊन टाकलं. पुन्हा आलं. तीनदा असं झालं. चौथ्यांदा मी पुस्तक घेऊन बाकावर ठाणच मांडलं.

"मला वाचता येत न्हाई," मी ओरडलो. "रस्त्याचे बोर्ड वाचतो. मैलाचे दगड वाचतो. एवढी बारीक अक्षरं माझ्या बापानं वाचली न्हाईत."

"बोर्ड वाचता न्हवं? मंग झालं." तो उठला. देवणीच्या बाजारात बैल बघतात तसं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि कपाटाकडे गेला. "आधी बारकं घ्या. त्याच्यावर हात बसला की अक्कांचं उघडा."

मी घेतलं, ते त्याची कटकट जावी म्हणून. पण चौथ्याच दिवशी परत आणलं.

"चार पानं झाली, अजून मानूस खिडकीतच उभा हाय," मी म्हणालो. "वारा वाहतो म्हनं, पडदा हालतो म्हनं. असला क्लीनर माझ्या गाडीवर असता तर पहिल्या ढाब्यावर उतरवला असता."

"चुकलं माझं," तो म्हणाला. पुस्तक ठेवलं, दुसरं काढलं. "हे घ्या. पहिल्या पानावर मढं, दुसऱ्यावर पोलीस, तिसऱ्यापासनं पळापळ."

माझं डोकं फिरलं. "घरातलं मानूस जाऊन महिना झाला न्हाई, आन् मला मढ्यांची पुस्तकं देऊन राहिले तुमी? लाज वाटती का?"

बाकावरचे दोघं-तिघं मान खाली घालून वाचत राहिले. हा मात्र शांत. दोरा ओवत म्हणाला, "ह्या मढ्यांसाठी रडावं लागत न्हाई, दाजी."

ते पुस्तक मी नेलं. का नेलं ते मला विचारू नका.

दुपारी ओट्यावर बसून बोट ठेवून ठेवून वाचायचो. एका ओळीला वेळ लागायचा. पण पळापळीत एक ट्रक आला आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलावर ते पान उघडून धरलं.

"हे कुनी लिहिलं? भरलेली गाडी घाटात टॉप गिअरला टाकून चढवतो हा! सोळा टनाची गाडी! इंजन जाग्यावर मरल. ह्यानं कधी स्टेरिंग धरलं का?"

"म्हंजे वाचलं तुमी," तो म्हणाला.

"वाचलं न्हाई, चूक घावली."

"कितव्या पानावर?"

मी बघितलं. त्रेसष्ट.

तो हसला नाही. हसला असता तर मी पुस्तक त्याच्या डोक्यात घातलं असतं. गुपचूप कपाटाकडे गेला आणि त्या दिवसापासून माझ्यासाठी गाड्यांची पुस्तकं हुडकायला लागला. ट्रकमधून पळवलेलं सोनं. ढाब्यावर झालेला खून. टँकरखाली लपलेला हेर. कुठून काढायचा कोण जाणे. कव्हरं फाटकी, पण गाडी बंद पडायची नाही. प्रत्येकात लिहिणाऱ्यानं काहीतरी गाढवपणा केलेला असायचा आणि तो सापडेपर्यंत मला खाली ठेवता यायचं नाही. मग माडीवर जाऊन मी लेखकाला शिव्या द्यायच्या आणि ह्यानं ब्लेड काढायचं. "बरं, खून कुनी केला?" माझा अंदाज दर वेळी चुकायचा. दर वेळी मांडीवर थाप. त्या थापेचा मला भयंकर राग होता.

चहा मी त्याचा कधी घेतला नाही. तो दर वेळी विचारायचा, मी दर वेळी नाही म्हणायचो. एवढं मला पाळता आलं.

सातव्या महिन्यात मी तिचं पुस्तक उघडलं. निळं कव्हर. अक्षरं आता बोलायला लागली होती. लग्नपत्रिकेच्या तुकड्यापर्यंत आलो आणि तिथं अडकलो. आठ दिवस पान उलटलं नाही. इथपर्यंत तिच्या मागून चाललो होतो. तिनं वाचलेलंच वाचत होतो. पुढचा रस्ता तिनं बघितलेला नव्हता. तिला टाकून पुढं जायचं म्हणजे पुन्हा तेच, जे मी जन्मभर केलं.

शेवटी उलटलं. टाक्यांपर्यंत आलो आणि माडी चढलो.

"सांगा," तो म्हणाला. "खून कुनी केला?"

"वकिलानं."

त्यानं ब्लेड काढलं आणि माझ्यापुढे धरलं. आजवर त्यानं ते कुणाच्या हातात दिलेलं मी पाहिलं नव्हतं. "तुमीच कापा, दाजी."

मी पुस्तक खिडकीपाशी नेलं, उजेडात धरलं, आणि ब्लेड लावायच्या आधी बघितलं.

टाके बारीक होते. एकसारखे, मुंग्यांच्या रांगेसारखे. शेवटचा टाका उलटा फिरवून गाठ आत दडवलेली. बाजूला जुनी भोकं दिसत होती, मोठी, वाकडी, त्याच्या टाक्यांची. ही शिवण त्याची नव्हती. या शिवणीखाली मी चाळीस वर्षं झोपलो होतो. गाडीच्या केबिनमध्ये तिचीच गोधडी असायची.

तिनं टाके उसवले होते. शेवट वाचला होता. माडी चढून टाके कापून घ्यायला येणं तिला जमणार नव्हतं, म्हणून बिछान्यात पडल्या पडल्या स्वतःच उसवलं, वाचलं आणि चोरी कळू नये म्हणून पुन्हा शिवून ठेवलं.

"हे टाके तुमचे न्हाईत," मी म्हणालो.

"न्हाईत."

"मंग मधली खूण?"

"दुसऱ्यांदा वाचत असतील. खुनी कोन ते कळल्यावर पुन्यांदा वाचायला लई मजा येती."

"तुमाला कवापासनं ठाऊक हाय?"

"तुमी पहिल्या दिशी आनलं तवाच. अंगठ्याला कळलं."

आता तुम्ही सांगा. सात महिने! ती अर्ध्यात गेली, अर्ध्यात गेली म्हणून सात महिने मी आतल्या आत कुढून राहिलो. हा समोर बसून दोरा ओवत होता आणि एक शब्द बोलला नाही. मी त्याला हेच विचारलं, लई मोठ्यानं. खालच्या आडतीतली माणसं वर आली.

तो म्हणाला, "तवा सांगितलं असतं तर तुमी पुस्तक ठेवून गेला असता. पुन्हा जिना चढला नसता."

मी त्याला जी शिवी दिली ती इथं लिहिता येत नाही. ड्रायव्हर लोकांना ठाऊक आहे. टाके न कापता पुस्तक काखेत मारलं आणि निघालो. त्यानं अडवलं नाही. "टाका शाबूत हाय" एवढंसुद्धा म्हणाला नाही.

ते पुस्तक माझ्याकडेच आहे. मी टाके कापले नाहीत. वकिलानं खून केला की नाही, मला ठाऊक नाही. तिला ठाऊक आहे, तेवढं बास.

रागारागात मी देवणीला बहिणीकडे जाऊन राहिलो. तीन आठवडे. तिथं वाचायला काही नव्हतं आणि भाच्याच्या टीव्हीवर सासवा-सुना भांडत होत्या. परत आलो आणि दुसऱ्याच दिवशी माडी चढलो. माफी मागायला नाही. पुस्तक बदलायला. हे तेव्हाही खरं होतं, आताही खरं आहे.

खुर्चीत दुसराच माणूस होता. भिंतीवर फोटो, फोटोला सुकलेला हार.

"सर गेले," तो म्हणाला. "छातीत कळ आली. पंधरा दिवस झाले." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमीच का ते दाजी? खणात एक पुस्तक हाय. वर चिठ्ठी हाय, दाजी म्हनून."

त्यानं काढलं. फाटकं कव्हर, वर ट्रक. मागच्या पानांना तीन टाके घातलेले, मोठे, वाकडे. चौथा राहिलेला. सुई दोऱ्याला तशीच लटकत होती.

"थांबा, उसवून देतो," नवा माणूस म्हणाला. "ही शिवाशिवी आता बंद केली आमी."

"हात लावायचा न्हाई," मी म्हणालो. तो दचकून मागं सरकला.

घरी आणलं. ओट्यावर बसून चौथा टाका मी घातला. दोनदा बोटात सुई गेली आणि टाका त्याच्याहून वाकडा आला. मग पहिलं पान उघडलं.

पहिल्याच पानावर भरलेली गाडी घाट चढत होती. टॉपला.

मुद्दाम हुडकून ठेवलं होतं मेल्यानं. मी पुस्तक घेऊन उठलो, चपला घातल्या, रस्त्यापर्यंत गेलो. मग परत फिरलो.

घाटात टॉप टाकत नाहीत, हे आता सांगू कुणाला?