आत्या, बाबा आणि काचेची बशी

आमच्या आत्याचा राग कायम नाकावर. पाणी तापायला उशीर झाला तर तिचं डोकं आधी तापतं. पण प्रयोगशाळेत हीच बाई महिनोन्महिने काचेच्या बशीतल्या पेशी सांभाळत बसते.

त्या पेशी माझ्या बाबांच्या, म्हणजे तिच्या दादाच्या. बाबांच्या नसांवरचं वेष्टण झिजतंय, म्हणून पाय ऐकत नाहीत. त्यांच्या कातडीच्या कणापासून तिथल्या शास्त्रज्ञांनी मूळपेशी बनवल्या. आता त्यांतून नसांना वेष्टण घालणाऱ्या मदतनीस पेशी घडवायच्या आहेत. त्यांना खाऊपिऊ घालायचं काम आत्याचं. बशीतला द्रव बदलताना ती निम्मा जुनाच ठेवते. "त्यांनी एकमेकींसाठी सोडलेलं काहीबाही त्यात असतं. सगळं उपसलं की बिथरतात," म्हणते. घरात मात्र कालचं वर्तमानपत्र टिकू देईल तर शपथ!

परवा ती खांद्यावरची पिशवीही न उतरवता बाबांसमोर आली आणि मोबाइलवर फोटो दाखवला. पेशींना फांद्या फुटल्या होत्या आणि त्या बशीत सोबत वाढवलेल्या नसांच्या धाग्यांना बिलगल्या होत्या.

"हे माझ्यात घालणार?" बाबांनी विचारलं.

"नाही रे दादा. आधी यांच्यावर औषधं तपासायची. वेळ लागेल." मग तिचा आवाज चढला. "पण तुझ्याच पेशी तिकडे कामाला लागल्यात, आणि तू इथे खुर्ची उबवतोयस!"

बाबा फोटो बघत राहिले. मग म्हणाले, "काठी दे."

तिने काठी दिली. ते दारापर्यंत पोचेपर्यंत ती मागे उभी होती, आणि एकदाही "चल लवकर" म्हणाली नाही.