बांध फोडला तेव्हा

आज रस्त्याकडेच्या चरातली रानमोडी उपटताना तिचा उग्र वास हाताला लागला आणि आत्ती आठवली. आत्ती म्हणजे माझी सासू. मी लग्न होऊन नुकतीच वाडीवर आले होते, आणि त्या पावसाळ्यात आमच्या मातीच्या रस्त्याचा नुसता राडा झाला होता. खाली बाजारकुणंग गावाला जाणारी जीप वळणावर रुतली, तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, ‘उद्यापासनं मी वर येणार न्हाई.’ मग घरटी एक माणूस कुदळ घेऊन आला आणि दरवर्षीसारखी खड्ड्यांत माती पडू लागली. आत्ती मात्र उकिडवी बसून पाणी कुठून येतंय ते बघत होती. ‘माती टाकून काय हुतंय? चर बुजलाय, म्हणून पाणी रस्त्यावरनं चाललंय,’ ती म्हणाली. चर बुजवला होता आमच्याच शेताच्या बांधानं, आणि बांध फोडला की पाणी थेट आमच्या तरव्यात शिरणार होतं. तरव्यातली भाताची रोपं वीतभर झाली होती. सासरे आडवे आले, ‘अगं, सगळी रोपं कुजतील की.’ ‘तरवा परत टाकता येतोय. गाडी एकदा बंद झाली की परत येत न्हाई,’ म्हणत तिनं बांधावर पहिला घाव घातला. मीही पदर खोचून शेजारी उभी राहिले. गढूळ पाणी रस्ता सोडून शेतात उतरलं, हिरवी रोपं आडवी झाली. आत्तीनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही. रस्ता वाळला, जीप वर आली. आता आत्ती नाही, चर मी साफ करते. शेताच्या ज्या कोपऱ्यात चराचं पाणी उतरतं, तिथं मात्र आम्ही अजून भात लावत नाही. तो कोपरा रस्त्याचा आहे.