ओट्यावर टेकेपर्यंत

वडील त्र्याऐंशी साली गेले. आईला शिवणकामासाठी मशीन हवी होती. सौंसरच्या आमच्या गल्लीतले चाचा व्याज हराम मानत. ते वस्तू स्वतः विकत आणून हप्त्यांनी विकत. सुपारी कातरत खरेदी वेगळी, नफा वेगळा सांगत.

आमच्या दारात उतरवताना त्यांनी आईसाठी आणलेली मशीन हातगाडीवरून पडून फुटली. आता फुटक्या मशीनचे हप्ते भरायचे, या धास्तीने आई रडू लागली.

चाचा म्हणाले, “भाभी, काहून रडून राहिल्या? तुमच्या ओट्यावर टेकली नाई तोवर मशीन माझी. तोटा तुम्हीच घ्याल तं मी नफा कशाचा खाऊ?”

दुसरी त्याच भावात आली. तिच्यावर शिवून आईने मला शिकवलं.

चाचा गेले, यंदा आईही गेली. मशीन आहे. मी तिला तेल घालतो.