एक ते चार

शेजारच्या भाऊंची एक सवय होती. वेल्डिंग केलेल्या जोडावर हातोडीने दोनदा टकटक करायची आणि कान देऊन म्हणायचं, "बोल."

वेल्डिंगवाले जोडावरचा काळा पापुद्रा काढायला हातोडी मारतात, हे तुम्ही पाहिलंच असेल. भाऊ पापुद्रा तर काढायचेच, पण नंतर उगाच आणखी दोन ठोके द्यायचे. आवाज खणखणीत आला की मान हलवायचे. आमच्या कोरपन्यातल्या गल्लीतली सगळी फाटकं, माझ्या चक्कीची शिडी, शाळेचा झेंड्याचा खांब, सगळं एकदा त्यांच्याशी बोललेलं आहे.

माझी पिठाची चक्की आणि त्यांचं घर यांच्यात एकच भिंत. मी त्यांना भाऊ म्हणायची, ते मला बाई. सिमेंटच्या कारखान्यात ठेकेदाराकडे त्यांनी पंचवीस वर्षं रॉडचं वेल्डिंग केलं. मग नवा ठेकेदार आला. तो म्हणाला, पाइपाचं काम आता टिगने, म्हणजे सुई आणि गॅसवाल्या नव्या वेल्डिंगनेच होणार, टिगची टेस्ट पास होईल त्यालाच गेट पास. तोवर घरी बसा. भाऊंचं वय तेव्हा चौपन्न. गेट पास गळ्यात नसला की त्यांचा हात उगाच छातीवर फिरायचा, जानवं शोधल्यासारखा.

"भाऊ, दुसरं काही पाहा ना. वय झालं आता."

"काय पाहू बाई? मले हेच येते. आन् हेबी आता येत नाई म्हणतेत."

एक दिवस ते चंद्रपूरहून खांद्याला पट्टा लावून एक डबा घेऊन आले. मला वाटलं जेवणाचा मोठा डबा असेल. ते टिगचं मशीन होतं, घरच्या प्लगवर चालणारं. गॅसचं सिलिंडर मागून पिकअपमध्ये आलं. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मशीनला हळद-कुंकू वाहिलं. मीही हात जोडले. दुसऱ्या दिवशी त्याच मशीनने माझ्या चक्कीचा जीव घेतला.

आमची गल्ली लाइनच्या शेवटाला. त्यांनी इकडे मशीन सुरू केलं की व्होल्टेज पडायचा, माझी मोटार घुरघुर करायची आणि गहू नुसते भरडून यायचे. गिऱ्हाईक माझ्या नावाने ओरडायचं, मी भिंतीवर थापा मारून भाऊंच्या नावाने. तिसऱ्या दिवशी मी तशीच पिठाच्या हातांनी त्यांच्या दारात गेले.

"भाऊ, माझा धंदा बंद पाडून राह्यले का तुमी?"

त्यांचा चेहरा एवढासा झाला. म्हणाले, "बाई, मी सकाळी सहाले करू का? थंडं असते जराक."

"सकाळी माझी गर्दी असते. सकाळी नाई म्हणजे नाई. दुपारी एक ते चार करा. चक्की बंद असते, मी झोपते."

"होऊन जाते बाई," ते म्हणाले. कशालाही हेच म्हणायचे.

एप्रिल महिना होता. आमच्याकडचं दुपारचं ऊन तुम्हाला सांगायची गरज नाही. कुत्रीसुद्धा नालीत जाऊन बसतात. पण त्या वेळी मला माझं पीठ दिसत होतं, एवढं खरं.

शिकवायला कोणी नव्हतं. मोबाइलवर कोणी परदेशी माणूस शिकवायचा, त्याचा आवाज भाऊ बंद करून ठेवायचे. म्हणायचे, "भाषा कायले पायजे? त्याचे हात तं दिसून राह्यले ना." चार वाजले की त्या दिवशीचा पत्रा घेऊन ते चक्कीवर यायचे. माठातलं तीन तांबे पाणी प्यायचे आणि पत्रा माझ्यापुढे धरायचे. मला वेल्डिंगमधलं काय कळतं? पण मी आपली परीक्षा घ्यायची.

"हे काय बाप्पा! उंदरानं कुरतडल्यावानी दिसून राह्यलं."

ते हसायचे. त्यांची अडचण निराळीच होती. रॉड जळत जळत आखूड होतो, म्हणून रॉडवाल्याचा हात आपोआप खाली खाली जातो. पंचवीस वर्षं त्यांचा हात असाच खाली गेलेला. टिगची सुई आखूड होत नाही, हात एका उंचीवर ठेवावा लागतो. भाऊंचा हात सवयीने उतरायचा आणि सुई वितळलेल्या लोखंडात चिकटून बसायची. मग मशीन बंद करा, सुई ग्राइंडरवर घासा, परत सुरू करा. दिवसातून तीस-तीस वेळा.

"नवीन पोट्टे दोन हप्त्यात शिकतेत बाई. त्याइले काई विसराचं नसते ना."

हे म्हणताना ते हसले नाहीत. मी त्यांना मुरमुऱ्याचा चिवडा दिला, दुसरं काय देणार?

हातोडीची सवयही सुटेना. टिगच्या जोडावर पापुद्राच नसतो. तरी भिंतीपलीकडून टकटक यायचीच, आणि मागून त्यांचं स्वतःशीच हसणं.

मे महिन्यात मी एकदा दुपारी त्यांचं लोटलेलं दार ढकलून डोकावले, तर खिडक्याही बंद. आत पंखा नाही, कूलर नाही. दाराच्या फटीला ओलं गोणपाट लावलेलं. मी म्हटलं, "भाऊ, काऊन असं कोंडून घेतलं? भाजून निघान ना!"

"हवा लागली का गॅस उडून जाते बाई. जोडात भोकं पडतेत. भोकं पडली का टेस्टमध्ये फेल."

"मंग सकाळी..." असं माझ्या तोंडात आलं होतं. खोटं कशाला बोलू, आलं होतं. पण तेव्हा लग्नसराईची दळणं होती. मी म्हटलं, "पाणी पीत जा." आणि घरी येऊन कूलर लावून झोपले. त्यांनी मशीन लावलं की माझा कूलर मंद व्हायचा, मशीन थांबलं की जोरात. मी त्यावरही कुरकुरायची.

शेवटच्या आठवड्यात वहिनी तेंदूपत्ता तोडायला जिवतीला माहेरी गेल्या. टेस्ट सोमवारी होती. गुरुवारी चार वाजता भाऊ पत्रा घेऊन आले आणि तो माझ्या हातात दिला. जोड सरळ होता, वेणी घातल्यासारखा एकसारखा. मी हातोडी आणायला सांगितली. त्यांनी बोटाच्या पेरानेच दोनदा वाजवलं.

"बोल," मी म्हटलं.

ते असे हसले की मला त्यांचे मागचे दात पडलेले दिसले. "हात थांबाले लागला बाई. टेस्ट झाली का पहिलं काम तुमच्या चक्कीची तोटी." माझ्या चक्कीची, पीठ पडायची स्टीलची तोटी फाटली होती, तिला मी फडकं बांधलं होतं.

शुक्रवारी दुपारी मला फार छान झोप लागली. कूलर सुरुवातीला एकदा मंद झाला, मग एकदाही नाही. थंडगार हवा येत होती. झोपेतच मला बरं वाटलं, आज व्होल्टेज चांगला आहे म्हणून.

चारला चक्की सुरू केली. भाऊ आले नाहीत. साडेचारला मी चिडून गेले, पाण्याचा तांब्या घेऊनच गेले. हाका मारल्या. गल्लीतल्या माणसांनी दार तोडलं. आतून भट्टीसारखी वाफ आली. भाऊ भिंतीला टेकून बसले होते, डोक्यावर हेल्मेट, काच खाली. हातात टॉर्च, ती सुईची मूठ, तशीच, एका उंचीवर मांडीवर टेकवलेली. समोरच्या पत्र्यावर अर्धा जोड, सरळ.

डॉक्टर म्हणाले, ऊन लागून गेले. गल्ली म्हणाली, गॅस. वेळ मी दिली होती.

वहिनी आल्या तेव्हा त्यांच्या बोटांना तेंदूपानांचा काळा डाग होता. त्यांनी मला विचारलं, "बाई, तुमी तं बाजूलेच होत्या ना?" मी हो म्हटलं. आजवर मी त्यांना त्या कूलरचं सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगितलं.

याला तीन वर्षं झाली. वहिनी माहेरीच राहतात, घराला कुलूप आहे. व्होल्टेज आता दिवसभर चांगला असतो. मी चक्की सकाळी चालवते, संध्याकाळी चालवते. परवा एक नवीन गिऱ्हाईक भर दुपारी दळण घेऊन आलं आणि दार वाजवू लागलं.

"बाई, लाइन तं आहे. चक्की काऊन बंद?"

मी आतूनच म्हटलं, "चारले या. भाऊचं काम चालू आहे."