मामांचे लाल ठिपके

चूक दिसली की पुसून टाकणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. पण पुसण्याआधी तिच्या घरी जाऊन चौकशी करणारा एकच माणूस मी पाहिला आहे, आणि ते म्हणजे माझ्या बायकोचे मामा. उभा जन्म त्यांनी सरकारी नोकरीत लोकांच्या जमिनी मोजल्या. निवृत्त होऊन ते माकणीजवळच्या आपल्या गावी परतले, तेव्हा मामींना वाटलं, आता तरी हा माणूस उन्हातान्हात बांधावरून हिंडायचा थांबेल. पण तेवढ्यात गावातल्या शेतकऱ्यांनी मिळून काढलेल्या कंपनीनं एक हार्वेस्टर घेतला. हा हार्वेस्टर हरभरा कापता कापता कुठं किती पिकलं याची नोंद करत जातो आणि संगणकावर त्याचा नकाशा होतो. जास्त पिकलं तिथं हिरवे ठिपके, कमी तिथं लाल. यंत्रही गडबड करतंच, म्हणून तो नकाशा आधी साफ करावा लागतो. कंपनीतल्या मॅडमनी त्यासाठीचं सॉफ्टवेअर मामांच्या लॅपटॉपवर टाकून दिलं, आणि मामींचा नवरा दुसऱ्यांदा नोकरीला लागला.

सॉफ्टवेअर तसं फार गुणी आहे. संशयित ठिपके ते स्वतःच हुडकून काढतं आणि एक बटण दाबलं की शेकड्यानं पुसून टाकतं. मामा ते बटण दाबत नाहीत. "पंचनाम्याबिगर फाशी द्यायची व्हय?" असं त्यांचं म्हणणं. एकदा एका शेताच्या मधोमध पाच-सहा ठिपके असे निघाले, की ते खरे मानले तर तिथं हरभरा पोत्यानं नव्हे, ट्रकनं पिकायला हवा होता. मॅडम फोनवर म्हणाल्या, "काका, उडवा ते." मामांनी लुना काढली आणि थेट आमच्या मुरूमला येऊन हार्वेस्टरच्या ड्रायव्हरला गाठलं. टिटवीची अंडी दिसली म्हणून त्यानं मशीन एकदम हळू केलं होतं. पोटातलं धान्य मात्र मागच्याच जोरानं पडत राहिलं, आणि यंत्रानं ते सगळं वीतभर जागेच्या नावावर मांडलं. एवढं कळल्यावर मामा माझ्याकडे चहाला आले, वहीत 'टिटवी' असं कारण लिहिलं, खाली सही केली, आणि घरी जाऊन ठिपके पुसले.

कापलेलं धान्य यंत्रातल्या वजनकाट्यापर्यंत पोचायला थोडा वेळ लागतो, म्हणून सगळे ठिपके जरा मागं सरकवावे लागतात. हे मामांनी आमच्या मेहुणीच्या लग्नात, भर पंगतीत, नवरदेवाच्या बापाला समजावून सांगितलं. "तुम्ही भात मागितला हितं, अन् वाढप्याला ऐकू गेलं दोन पानं पुढं गेल्यावर. मग भात पडला तिकडं. चूक कुणाची?" त्या भल्या माणसानं घाबरून स्वतःच्या पानातला भात शेजाऱ्याला देऊ केला.

यंदा मात्र मामांची परीक्षाच झाली. नकाशावर ज्याचं शेत सगळ्यात सरस, त्याच्याकडं पुढच्या वर्षीचा बियाण्याचा प्लॉट द्यायचं कंपनीनं ठरवलं. मामांना तो प्लॉट फार हवा होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनीचे कागद केले. आपल्या शेताच्या कडेला एकदा तरी आपल्या नावाची पाटी लागावी, एवढीच हौस. आणि शेत पहिलं येण्यासारखंही होतं. अडचण एकच होती, ती म्हणजे मधोमध पडलेला मोठा लाल गोल.

तो गोल म्हणजे येळवस, मार्गशीर्षातली वेळ अमावास्या. त्या अमावास्येला आमच्याकडं गावं ओस पडतात. शेतात कडब्याची कोप, म्हणजे झोपडी, उभारायची, पांडव पुजायचे, आणि भज्जी, उंडे, आंबील घेऊन आल्यागेल्याला जेवायला बसवायचं. त्यात तेवढा हरभरा तुडवला जातोच. अशी जागा पुसायला कंपनीची हरकत नव्हती. इतरांच्या नकाशांतले असे डाग मामांनी स्वतः 'येळवस' असं कारण लिहून पुसले होते. स्वतःचा तेवढा पुसेनात.

मी चिडलो. "मामा, हा हट्ट आहे नुसता. नियमानं पुसता येतंय, पुसा."

त्यांनी बटण दाबलं. लाल गोल गेला आणि सॉफ्टवेअरनं आजूबाजूचा अंदाज घेऊन ती जागा हिरवी भरून टाकली. शेत पहिलं आलं.

"बघा जावईबापू. आता तिथं हरभरा उभा हाय." त्यांनी गोल परत आणला. "दोघी पोरी आल्या होत्या औंदा, लेकरंबाळं घेऊन. लई सालांनी. पंगत कुठल्या कुठं गेली. लोकांचं मला काय ठावं, पुसलं. पर हितं मी सोता वाढत होतो. कुणीच बसलं न्हवतं असं कसं म्हणू?"

नकाशा लाल गोलासकट कंपनीकडं गेला. मामांचं शेत दुसरं आलं आणि पाटी दुसऱ्याच्या बांधावर लागली.

परवा गेलो तेव्हा मामा मजेत होते. "पुढल्या साली प्लॉट आपलाच," ते म्हणाले. "पोरींनी आत्ताच सांगितलंय, जमायचं न्हाय. आमी दोघंच. शेत कसं हिरवंगार दिसंल."

चांगल्या पिकाची बातमी ऐकून मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. आम्ही सगळे येतो येळवशीला, मी म्हणालो.

मामांनी लॅपटॉप मिटला. "या की," ते म्हणाले. "अन् जरा ऐसपैस बसा."